पट्टकादंबाच्या माहेरी

बालमित्रांनो, तुमच्या वर्गात कधी असा प्रश्न निघाला आहे का, की ज्याचं उत्तर बाईंनाच धड देता आलं नाही? माझ्या वर्गात निघाला होता. त्या एका प्रश्नापायी मी पावणेतीन कळसूबाई चढून आले. कशी, ते सांगते.

आमची शाळा भिगवणच्या बाजूला, उजनी धरणाच्या फुगवट्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. भीमा नदीवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि पाणी मागे मागे पसरत आमच्या शिवारापर्यंत आलं. दर हिवाळ्यात या पाण्यावर पाहुणे उतरतात. लांब पायांचे रोहित, नारिंगी अंगाचे चक्रवाक आणि पट्टकादंब. पट्टकादंब म्हणजे राखाडी रंगाचा रानहंस. पांढरंशुभ्र डोकं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, जणू कुणी काजळाचं बोट दोनदा ओढलं आहे! वजन दोन ते तीन किलो. पाण्यावर झोपतात आणि शेतातल्या कोवळ्या पिकावर चरतात, म्हणून शेतकरीदादा त्यांना हाकलत असतात.

मार्च संपत आला की एक दिवस पाणी मोकळं दिसतं. पाहुणे गेलेले असतात.

"बाई, ते गावाला गेले म्हणजे नेमके कुठल्या गावाला?" तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं.

"हिमालयात," मी म्हटलं. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं.

"हिमालयात कुठं? तुम्ही बघितलंय?"

आता काय सांगणार? मी बघितलेलं नव्हतं. चाळीस डोळे माझ्याकडे बघत होते. मी फळा पुसायला घेतला. पण प्रश्न काही पुसला गेला नाही.

पट्टकादंब उन्हाळ्यात मंगोलिया, तिबेट, चीन अशा देशांतल्या उंचावरच्या तळ्यांकाठी घरटी करतात. मंगोलियात ज्यांच्या गळ्यात खुणेचे पट्टे अडकवले होते, असे हंस दक्षिण भारतातल्या तळ्यांवर दिसले आहेत. मंगोलियाला जाणं आमच्या ऐपतीबाहेरचं. पण भारतातही त्यांचं माहेर आहे. ते म्हणजे लडाख. त्यातही त्सो मोरीरी हे सरोवर. 'त्सो' म्हणजेच सरोवर, तेव्हा 'त्सो मोरीरी सरोवर' म्हणणं म्हणजे 'पाव-ब्रेड' म्हटल्यासारखं झालं! तसंच 'ला' म्हणजे खिंड. लडाखचा नकाशा उघडलात की हे दोन शब्द तुम्हाला जागोजागी भेटतील.

तर २०१९ च्या जून महिन्यात, शाळा उघडायच्या आत, आम्ही तिघं निघालो. मी, आमचे हे, आणि माझ्या ताईचा मुलगा. तो तेव्हा सातवीत जाणार होता. ताईनं एवढंच सांगितलं होतं, "तुझ्या जिवावर पाठवतेय गं त्याला." तिचं हे वाक्य पुढे एका रात्री मला फार जड गेलं.

विमान सकाळीच का?

पुण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून लेह. लेहला जाणारी बहुतेक विमानं भल्या पहाटे सुटतात. मला वाटलं, ही आपली विमान कंपन्यांची सोय. पण नाही, कारण मोठं मजेदार आहे. विमानाचे पंख हवेच्या आधारावर तरंगतात. लेह जवळजवळ ३५०० मीटर उंचीवर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी थोडं वरच. तिथं हवा आधीच विरळ. दुपारी ऊन तापलं की ती आणखी विरळ होते आणि डोंगरांतून जोराचे वारेही सुटतात. सकाळची गार हवा त्या मानानं दाट असते, आधार चांगला देते.

आणि गंमत सांगू? पट्टकादंबांनाही हे ठाऊक आहे! शास्त्रज्ञांनी या हंसांवर छोटी यंत्रं बसवून त्यांचा प्रवास तपासला, तेव्हा दिसलं की हिमालय ओलांडताना ते पुष्कळदा रात्री आणि पहाटेच उडतात. गार, दाट हवेत पंखांना कमी कष्ट पडतात. वैमानिकांनी हे आकडेमोडीनं शोधलं, हंसांना ते अंगातच आहे.

आमच्या प्रवासाला मात्र दिल्लीतच खीळ बसली. हवामान बिघडलं म्हणून पहिल्या दिवसाचं विमान रद्द झालं. अख्खा दिवस विमानतळाच्या खुर्च्यांवर गेला. दुसऱ्या दिवशी लेहला उतरलो, तेव्हा ठरवलेल्या वेळापत्रकातला एक दिवस कमी झालेला होता. या एका दिवसाची गोष्ट लक्षात ठेवा.

शंभर दाण्यांचं गणित

लेहला उतरल्यावर फिरायला जायचं नसतं. झोपायचं असतं! आमच्या मुक्कामाच्या घरातल्या आमा-ले, म्हणजे तिथल्या आई, आम्हाला जिना भरभर चढूही देत नव्हत्या. 'जुले' म्हणून नमस्कार करायच्या आणि लगेच गरम पाण्याचा पेला हातात द्यायच्या.

असं का? मुलांनो, हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो, हे तुम्ही शिकला आहात. उंचावरही तो एकवीस टक्केच असतो बरं का! पुष्कळ मोठ्या माणसांचाही इथं गोंधळ होतो. फरक पडतो तो हवेच्या दाबात. दाब कमी, म्हणून एका श्वासात येणारी हवाच कमी. समजा, समुद्रकाठी एका मुठीत शेंगदाण्याचे शंभर दाणे येतात. लेहला त्याच मुठीत पासष्टच्या आसपास येतील आणि त्सो मोरीरीच्या काठी सत्तावन्नच्या आसपास. मूठ तेवढीच, भूकही तेवढीच, दाणे मात्र कमी. मग शरीर काय करतं? जास्त वेळा मूठ भरतं. श्वास जोरात चालतो, छाती धडधडते. हळूहळू दोन-चार दिवसांत ते या नव्या हिशेबाला सरावतं. पण त्याला ते दिवस द्यावे लागतात.

डॉक्टर मंडळींचा एक साधा नियम आहे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. दिवसा वर जाऊन आलात तर चालतं, रात्री कुठं झोपता ते महत्त्वाचं. आमचा मूळ बेत या नियमाला धरूनच होता. लेहला दोन दिवस पूर्ण विश्रांती, मग ४००० मीटरच्या आसपास असलेल्या चुमाथांगला एक रात्र आणि तिथून साडेचार हजारांवरच्या कोरझोक गावात मुक्काम. तुम्हीच वजाबाकी करून बघा, प्रत्येक पायरी ५०० च्या आसपास पडते.

पण एक दिवस दिल्लीत गेला होता. परतीची तिकिटं ठरलेली. हे म्हणाले, "कोरझोक रद्द करू, लेहमध्येच राहू." मला ते पटेना. मी म्हटलं, "आपल्याला काही होत नाहीये ना? मग चुमाथांगची रात्र वगळू. विश्रांतीचा एक दिवसही कमी करू, म्हणजे सरोवराकाठी दोन रात्री मिळतील." एक दिवस वाचवायचा होता, मी दोन वाचवले! वर्गात मुलांना पायरी-पायरीनं गणित सोडवायला सांगणाऱ्या बाईंनी स्वतः मधली पायरी खोडली. निर्णय माझाच होता, म्हणून इथं लिहून ठेवते.

सिंधूच्या काठानं

लेहहून कोरझोक सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. त्या भागासाठी आम्हाला तेव्हा परवाना काढावा लागला होता. तेव्हा लडाख जम्मू-काश्मीर राज्यात होतं, ३१ ऑक्टोबर २०१९ पासून तो केंद्रशासित प्रदेश झाला. परवान्याचे नियमही बदलत असतात, त्यामुळे जाणाऱ्यांनी लेहला पोचल्यावर ताजी चौकशी करावी.

उपशी गाव मागे पडल्यावर रस्ता सिंधू नदीला बिलगून जातो. दोन्हीकडे उघडेबोडके डोंगर. पण रंग बघावेत त्यांचे! विटकरी, जांभळे, शेवाळी, मधेच राखाडी. झाड नाही, झुडूप नाही. लडाख म्हणजे थंड वाळवंट. पावसाळी ढग हिमालयाच्या पलीकडच्या उतारावरच रिकामे होतात, इकडे पोचेपर्यंत त्यांच्याजवळ देण्यासारखं काही उरत नाही. लेहला वर्षाकाठी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमचा इंदापूर तालुका दुष्काळी म्हणवतो, तरी आमच्याकडे याच्या चार-पाच पट पडतो.

भाच्यानं गाडीच्या काचेला नाक लावून विचारलं, "मावशी, अटकेपार झेंडे लावले ती अटक याच नदीवर ना?" मला इतका आनंद झाला! होय, हीच सिंधू. १७५८ साली मराठे अटकेला पोचले, ते याच नदीच्या काठी. फक्त अटक इथून खूप खाली, आता पाकिस्तानात. इथली सिंधू मात्र आपल्या नीरेएवढीच वाटते आणि पाणी मातकट हिरवं.

चुमाथांगला नदीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत. बर्फाच्या पाण्याची नदी आणि तिच्या काठावर वाफाळणारं पाणी! जमिनीच्या पोटातली उष्णता इथं वर येते. आम्ही अर्धा तास थांबलो, चहा घेतला आणि पुढे निघालो. इथंच राहायला हवं होतं, हे तेव्हा कळत होतं, पण वळत नव्हतं.

माहे इथं पूल ओलांडून सिंधूचा निरोप घ्यायचा. मग सुमदो, मग नामशांग ला ही खिंड, मग क्यागर नावाचं एक छोटं सरोवर. वाटेत रानगाढवांचा कळप दिसला. त्यांना कियांग म्हणतात. तांबूस पाठ, पांढरं पोट, आणि तोरा असा की घोड्यानंही मान खाली घालावी. आमचे ड्रायव्हरकाका मोठे बोलके. ते म्हणाले, "डोकं दुखलं तर लगेच सांगायचं. मी गाडी फिरवणार. मागच्या वेळी एका साहेबांना असंच अर्ध्यातून परत नेलं."

त्यांनी हे चांगल्यासाठीच सांगितलं. पण या वाक्याचा एका बारा वर्षांच्या मुलानं काय अर्थ घेतला, ते मला रात्री समजलं.

निळं, निळं आणि आणखी निळं

खिंड उतरून वळण घेतलं आणि गाडीतले सगळे गप्प झाले. समोर त्सो मोरीरी.

मी बाई आहे, मला वर्णन करता यायला हवं. पण खरं सांगते, निळ्या रंगाला मराठीत जेवढी नावं आहेत तेवढी त्या पाण्यात एका वेळी होती. काठाजवळ मोरपिशी, थोडं पुढे शाईसारखं आणि मध्ये जवळजवळ काळं. ढग सरकला की रंग सरकायचा. पलीकडच्या काठावर चामसेर आणि लुंगसेर ही बर्फाची शिखरं, दोन्ही ६६०० मीटरहून उंच. सरोवर वीस-पंचवीस किलोमीटर लांब. त्याचं टोक दिसतच नव्हतं.

या सरोवरात ओढे येऊन मिळतात, पण बाहेर एकही वाहत नाही. पाणी जातं ते फक्त वाफ होऊन. वाफ होताना क्षार मागेच राहतात, म्हणून पाणी जरा मचूळ झालं आहे. मिठागरात घडतं तेच, फक्त हजारो वर्षांच्या सावकाशीनं. २००२ साली या सरोवराचा समावेश रामसर यादीत झाला. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी आहे.

काठावर कोरझोक गाव. मातीची घरं, एक जुना गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, आणि सातूची चिमुकली शेतं. इतक्या उंचीवर शेती करणारी गावं जगात फार थोडी आहेत. गावाबाहेरच्या कुरणांत चांगपा लोक राहतात. त्यांचा संसार फिरता. याकच्या केसांपासून विणलेले काळे तंबू, त्यांना रेबो म्हणतात, आणि भोवती शेकडो शेळ्यामेंढ्या. पश्मिना शालीचं नाव तुमच्या आईनं नक्की ऐकलं असेल. ती लोकर याच शेळ्यांची. थंडीसाठी शेळीच्या अंगावर बाहेरच्या केसांखाली मऊसूत लोकरीचा एक आतला थर येतो. उन्हाळा लागला की तो विंचरून काढतात. कातरून नव्हे, विंचरून! आम्ही बघितलं तेव्हा एक आजी शेळीला मांडीशी धरून अशा निगुतीनं विंचरत होत्या, की जणू नातीची वेणीच घालत आहेत.

ड्रायव्हरकाकांनी गाडी काठापासून दूरच उभी केली. ओढा सरोवराला मिळतो तिथं ओलसर हिरवळीची एक पट्टी होती. दुर्बीण डोळ्याला लावली. आधी चक्रवाकांची जोडी दिसली. आपल्या जुन्या कवितांमधून रात्री ताटातूट होऊन रडणारे हेच ते चक्रवाक; इथं मात्र शेजारी शेजारी मजेत चरत होते. मग दुर्बीण थोडी डावीकडे सरकवली, आणि दोन काळे पट्टे!

"मावशी, तेच! आपलेच!" भाचा ओरडला आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

दोन हंस चरत होते. आणखी मागे गवतात एक मादी बसली होती. ती हलत नव्हती. घरट्यावर होती. पट्टकादंबांचं घरटं झाडावर नसतं. पाण्यातल्या बेटावर नाहीतर दलदलीत, जमिनीवरच, गवत आणि पिसं अंथरून. म्हणून तर आम्हाला पुढे जायची बंदी. माणूस जवळ आला की मादी उठते, आणि ती उठली की अंडी गार पडतात. त्याहून मोठं संकट कुत्र्यांचं. प्रवासी वाढले, तंबू वाढले, उष्टंखरकटं वाढलं, त्याबरोबर मोकाट कुत्री वाढली. ती दलदलीत शिरून अंडी आणि पिल्लं खातात. भारतात फक्त लडाखमध्ये पिल्लं वाढवणारा काळ्या मानेचा क्रौंच याच कुत्र्यांमुळे हैराण आहे. आमच्या हातात तेव्हा बिस्किटांचा पुडा होता. भाच्यानं काही न बोलता तो पिशवीत ठेवला.

मी वहीत लिहिलं: 'जून, संध्याकाळी पाच, कोरझोक. पट्टकादंब तीन. एक घरट्यावर.' तिसरीतल्या त्या मुलीचं उत्तर मला मिळालं होतं.

दगडाची रेघ

रात्रीच्या जेवणाला गरमागरम थुक्पा होता. भाचा म्हणाला, भूक नाही. मला वाटलं, दमला असेल. "डोकं दुखतंय का रे?" विचारलं, तर "नाही गं मावशी." दोनदा विचारलं, दोनदा नाही.

रात्री एकच्या सुमाराला त्याला उलटी झाली. पुन्हा झाली. तोंड पांढरंफटक पडलेलं. तेव्हा कुठे रडत रडत म्हणाला, "दुपारपासून दुखतंय. सांगितलं असतं तर काकांनी गाडी फिरवली असती आणि हंस दिसले नसते."

ह्यांनी धावत जाऊन ड्रायव्हरकाकांना उठवलं. ते आले, टॉर्चच्या उजेडात त्याच्याकडे बघितलं आणि बाहेर जमिनीवर दगडानं एक सरळ रेघ ओढली. म्हणाले, "बेटा, या रेघेवरून चाल. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत." चार पावलं नीट पडली. पाचव्या पावलाला तो कलंडला. ह्यांनी धरलं नसतं तर पडलाच असता.

पालकांनो, हे तुमच्यासाठी लिहिते. उंचीवर नुसतं डोकं दुखणं हा पहिला इशारा. मळमळ, चक्कर, भूक न लागणं हेही तसंच. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. पण तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी दम लागून खोकला येऊ लागला, तर मेंदूला सूज येत असते नाहीतर फुप्फुसात पाणी साठत असतं. मग सकाळची वाट बघायची नाही. यात माणसं दगावतात. खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. प्राणवायूची नळकांडी असेल तर ती लावावी, पण ती लावून तिथंच बसू नये.

काका म्हणाले, "चला." पाच मिनिटांत सामान गाडीत. त्यांच्या गाडीत प्राणवायूचं एक नळकांडं होतं, ते भाच्याच्या नाकाशी लावलं. आणि निघाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण उतरत नाही आहोत, चढतो आहोत! कोरझोकहून खाली जायचं तर आधी नामशांग ला ओलांडावी लागते. ज्या उंचीनं त्याला आजारी पाडलं, त्याहून जास्त उंचीवर त्याला आधी न्यायचं, मग खाली. दुसरी वाटच नाही. बाहेर काळाकुट्ट अंधार, वर ढीगभर चांदण्या. फोनला पट्ट्या नाहीत. मांडीवर ताईचा मुलगा. मी त्याला पाढे म्हणायला लावले. चुकला नाही म्हणजे शुद्धीवर आहे, एवढाच माझा आधार. तेराचा पाढा तो दिवसाही चुकतो. त्या रात्री चुकला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

खिंड आली आणि गेली. रस्ता उतरू लागला. सुमदो, मग माहेचा पूल, मग सिंधूचा आवाज. चुमाथांगला पोचलो तेव्हा पूर्वेकडचे डोंगर उजळत होते. भाच्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "मावशी, चहा मिळेल?" आयुष्यात एवढं गोड वाक्य मी ऐकलेलं नाही.

थांबलो नाही. चहा गाडीतच घेतला आणि तसेच लेहच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजला, छाती तपासली, पुन्हा रेघेवर चालवलं. या वेळी तोल गेला नाही. एक रात्र ठेवून घेतलं. डॉक्टर मला म्हणाले, "वेळेवर उतरलात." मग कागदावर आमच्या मुक्कामांच्या उंच्या लिहायला लावल्या. मी लिहिल्या. एका खाली एक. ३५००, आणि त्याखाली एकदम ४५००. मधली ओळ कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी खाली बघत राहिले.

ताईला फोन मीच केला. ती दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला दे." हे दोन शब्द मी पुष्कळ दिवस विसरले नव्हते.

त्यांचं रक्तच वेगळं

पुढचे तीन दिवस लेहला काढले. भाचा खाऊन-पिऊन ठणठणीत झाला आणि त्यानं मला प्रश्न विचारून हैराण केलं. मी उंचीमुळे आजारी पडलो, मग हंस का पडत नाहीत? ते तर याहून वर उडतात!

खरंच उडतात. यंत्र बसवलेला एक पट्टकादंब ७२९० मीटरवर नोंदला गेला आहे. भारताच्या मैदानातून उडून हिमालयाचा चढ ते सात-आठ तासांत, मध्ये न थांबता चढतात. सराव करायला दिवस नाहीत, चुमाथांगचा मुक्काम नाही! याचं गुपित त्यांच्या शरीरात आहे. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, ते प्राणवायू धरून सगळीकडे पोचवतं. पट्टकादंबांच्या हिमोग्लोबिनची घडण थोडी वेगळी आहे, त्यामुळे ते विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडून आणतं. शिवाय त्यांची फुप्फुसं शरीराच्या मानानं मोठी आणि श्वास खोल. मघाच्या शेंगदाण्यांच्या भाषेत सांगायचं तर दाणे कमी असले, तरी त्यांच्या मुठीतून एकही सांडत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. ते उगाच उंच जातही नाहीत. डोंगर आला की वर, दरी आली की पुन्हा खाली, असे जमिनीच्या चढउताराला धरून उडतात. सरळ वरच्या वर जाण्यात जास्त शक्ती खर्च होते, म्हणून मिळवलेली उंची सोडून द्यायलाही त्यांना काही वाटत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे आला. ताई स्वतः घेऊन आली होती. पहाटे मी वर्गातल्या मुलांना घेऊन फुगवट्याच्या काठी गेले. धुकं होतं. आधी आवाज आले, मग पाण्यावर उतरणारे हंस दिसले, एकामागून एक. भाच्यानं मोजले, सत्तावीस.

"दादा, तू यांचं घर बघितलंस ना?" त्या तिसरीतल्या, आता चौथीत गेलेल्या मुलीनं विचारलं. "कसं आहे?"

तो सांगू लागला. निळं पाणी, रेबो, विंचरलेली शेळी, घरट्यावरची मादी. मग रात्रीची गोष्टही सांगितली, डोकं दुखत असताना नाही म्हटलं होतं तीसुद्धा. ताई शेजारीच उभी होती. मुलांना ती रेघ काही केल्या समजेना. तेव्हा त्यानं एक दगड उचलला, बांधावरच्या मऊ मातीत लांब सरळ रेघ ओढली आणि म्हणाला, "चला, टाचेला बोटं लावून."

मुलांनी रांग लावली. रांगेत ताईही उभी राहिली.